युनिव्हर्सिटीच्या नव्या सायन्स बिल्डिंगच्या समितीत तुमचं नाव आलंय? वीज वाचवायची असेल तर हे आधी वाचा

दर वेळी तेच होतं. ग्रँट मंजूर होते, समिती नेमली जाते, आणि केमिस्ट्री, फिजिक्स, बायोटेकमधून एकेक जण 'युजर डिपार्टमेंटचा प्रतिनिधी' म्हणून त्यात घातला जातो. बहुतेक वेळा जो सगळ्यात ज्युनियर असतो तोच. त्या बिचाऱ्याला वाटतं की ड्रॉइंग वगैरे आर्किटेक्ट बघतील, वायरिंग इलेक्ट्रिकलवाले बघतील, आपण फक्त किती टेबलं आणि किती सिंक ते सांगायचं, मग तो चहा पिऊन उपस्थितीच्या कागदावर सही करून परत येतो. आणि पुढची तीस वर्षं वीजबिल बघून सगळे कपाळाला हात लावतात.

मी रसायनशास्त्र शिकवते आणि महाराष्ट्रातल्याच एका युनिव्हर्सिटीत अशा समितीतून गेलेय, अगदी पहिल्या लेआउटपासून ताबा मिळेपर्यंत. इंजिनियर नाहीये. पण एक गोष्ट पक्की कळली की सायन्स बिल्डिंगची वीज बल्बात जात नाही, हवेत जाते. बाहेरची हवा आत घ्यायची, ती थंड करायची, आणि लगेच एक्झॉस्टमधून बाहेर फेकून द्यायची, यातच बिलाचा मोठा हिस्सा जातो. आणि किती हवा लागणार हे आर्किटेक्ट ठरवत नाही हो, ते तुम्ही दिलेल्या यादीवरून ठरतं. म्हणून हा लेख तुमच्यासाठी, आर्किटेक्टसाठी नाही.

आधी हे जमवून ठेवा

कागदपत्रं:
- सध्याच्या सायन्स बिल्डिंगची निदान १२ महिन्यांची वीजबिलं (अकाउंट सेक्शनला लेखी पत्र द्या, तोंडी मागितलीत तर मिळत नाहीत)
- प्रत्येक लॅबमधल्या उपकरणांची यादी, डेडस्टॉक रजिस्टरवरून नाही तर स्वतः फिरून केलेली, कारण रजिस्टरमधली निम्मी उपकरणं कपाटावर पडलेली असतात
- लॅबचं टाइमटेबल, सुट्ट्यांसकट
- वापरात असलेल्या केमिकल्सची आणि गॅस सिलिंडरची यादी
- जागेचा साइट प्लॅन, त्यावर उत्तर दिशा, झाडं आणि शेजारच्या बिल्डिंगची उंची दाखवलेली
- प्रशासकीय मान्यतेचं पत्र आणि मंजूर रक्कम, म्हणजे कोणी 'बजेटमध्ये बसत नाही' म्हणालं की नेमकं काय बसत नाही ते विचारता येतं

साधनं: सॉकेटमध्ये लावायचा छोटा एनर्जी मीटर, क्लॅम्प मीटर (कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनकडे असतोच), मेजर टेप, उदबत्तीचा पुडा. उदबत्ती कशाला ते पुढे येईल.

१. लॅबची यादी 'ओली' आणि 'कोरडी' अशी वेगळी करा

सगळ्यात जास्त वीज या एका पायरीवर वाचते आणि हिला खर्च शून्य आहे. ओली लॅब म्हणजे जिथे ॲसिड, सॉल्व्हंट, वाफा, जिवाणू वगैरे आहेत, तिथली हवा परत फिरवता येत नाही, आत घेतलेली सगळी बाहेर टाकावीच लागते. कोरडी म्हणजे ऑप्टिक्स, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, मायक्रोस्कोपी, स्टाफरूम, वर्ग. इथे तीच हवा फिरवून वापरली तरी चालतं, किंवा सरळ खिडक्या उघडून पंखे लावले तरी भागतं.

आता नेहमी काय होतं, तर प्रत्येक डिपार्टमेंटला आपापला मजला हवा असतो. त्यात प्रतिष्ठेचा प्रश्न असतो. मग केमिस्ट्रीच्या मजल्यावर एचओडीची केबिन, सेमिनार हॉल आणि सिंथेसिस लॅब सगळं एकाच एसी सिस्टिमवर येतं आणि डिझायनर सेफ साइडला राहायचं म्हणून पूर्ण मजल्यालाच शंभर टक्के बाहेरची हवा लावून मोकळा होतो. त्यापेक्षा ओल्या लॅब एकावर एक रचून घ्या, म्हणजे डक्टचा शाफ्ट एकच लागतो, आणि कोरड्या खोल्या बिल्डिंगच्या दुसऱ्या विंगमध्ये ठेवा. डिपार्टमेंटचं नाव दारावर लावायचं असेल तर खुशाल लावा, हवेला डिपार्टमेंट कळत नाही.

अजून एक, ज्या लॅबमध्ये जास्त फ्यूम हूड (समोर वर-खाली सरकणारी काच असलेलं, वाफा ओढून बाहेर टाकणारं कपाट) आहेत ती वरच्या मजल्यावर ठेवली की एक्झॉस्टचे डक्ट आखूड होतात. एनएमआर, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप असली थरथर न चालणारी मशीन तळमजल्यावर, लिफ्ट आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब. हे उपकरणाचा सप्लायर नंतर सांगतोच, पण तोपर्यंत स्लॅब पडलेला असतो.

२. लोड मोजा, नेमप्लेटवरून लिहू नका

इलेक्ट्रिकल कन्सल्टंट तुम्हाला एक तक्ता पाठवेल, उपकरण आणि वॅट. सगळे लोक उपकरणाच्या मागची पट्टी बघून आकडा लिहितात, वर आणि 'भविष्यासाठी' म्हणून थोडं वाढवतात, मग कन्सल्टंट त्यावर आपलं मार्जिन टाकतो, एसीवाला त्याच्यावर आपलं टाकतो. शेवटी ट्रान्सफॉर्मर, डीजी सेट (डिझेल जनरेटर) आणि चिलर (एसीसाठी पाणी गार करणारं मशीन) गरजेपेक्षा कितीतरी मोठे येतात. मोठा चिलर कमी लोडवर चालला की त्याची एफिशियन्सी पडते, शिवाय कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीकडून मंजूर करून घेतलेली कमाल मागणी) जास्त घेतली की वापरा अगर नका वापरू, डिमांड चार्ज भरत बसायचं.

मफल फर्नेसचंच उदाहरण घ्या. पट्टीवर साडेतीन किलोवॅट लिहिलेलं असतं. तापेपर्यंत ती तेवढे खाते हे खरं, पण एकदा टेंपरेचर गाठलं की रिले कट होतो, थोड्या वेळाने परत लागतो, परत कट होतो. तासाभराचा मीटर लावून बघा, सरासरी खूप खाली येते. ओव्हन, वॉटर बाथ, ऑटोक्लेव्ह सगळ्यांचं असंच. म्हणून सध्याच्या लॅबमध्ये एक पूर्ण आठवडा मीटर लावा, आणि तो आठवडा प्रॅक्टिकल परीक्षेचा निवडा, म्हणजे कोणी म्हणायला नको की हलका आठवडा बघून मोजलं.

मोजताना रात्रीचे आकडे बघायला विसरू नका. बायोटेकवाल्यांचा उणे ८० चा डीप फ्रीझर जुना असेल तर दिवसाला १५ ते २० युनिट सहज खातो, म्हणजे वर्षाला पाच ते सात हजार युनिट, एका फ्रीझरला! वर तो जी उष्णता खोलीत सोडतो ती काढायला एसी वेगळा. असे फ्रीझर प्रत्येक प्रोफेसरच्या लॅबमध्ये एकेक ठेवण्यापेक्षा एक हवेशीर सामायिक खोली करा. आणि नमुन्यांना चालत असेल तर सेटिंग उणे ७० करा, तेवढ्यानेच वीज साधारण एक तृतीयांशाने कमी होते.

डिस्टिल्ड वॉटरचं मेटल डिस्टिलेशन युनिट दिसलं की त्याचीही चौकशी करा. दिवसभर हीटर चालू, कंडेन्सरचं गार पाणी धो धो गटारात. बहुतेक प्रॅक्टिकलला आरओ-डीआयोनाइज्ड पाणी पुरतं, एक सेंट्रल प्लांट टाकून पाइपने द्या.

३. फ्यूम हूड: खरंच किती लागतात?

इथे जरा थांबून नीट वाचा.

सहा फुटी हूड घेतला तर तोंडाची आतली रुंदी साधारण पाच फूट भरते. काच दीड फूट उघडी ठेवली तर साडेसात चौरस फूट. तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला १०० फूट धरतात, म्हणजे मिनिटाला ७५० घनफूट, आपल्या भाषेत ७५० सीएफएम. काच पूर्ण अडीच फूट वर केली तर हेच १२५० होतं. आता एवढी हवा बाहेर गेली म्हणजे तेवढीच बाहेरून आत यायला हवी, आणि लॅब एसी असेल तर ती थंड करून आणि कोरडी करून. ढोबळ हिशेबाने उन्हाळ्यात किंवा दमट हवेत एका हूडमागे तीन टन एसी तरी लागतो, म्हणजे दीड टनाचे दोन एसी फक्त एका हूडसाठी, आणि तो हूड रात्री कोणी नसताना चालू राहिला तर रात्रीसुद्धा. अमेरिकेत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या मंडळींनी हिशेब मांडला होता की एक हूड तिथल्या साडेतीन घरांएवढी ऊर्जा खातो. अमेरिकेतली घरं, आपली नव्हे!

म्हणून यादीत 'हूड १२ नग' असं लिहिण्याआधी प्रत्येक हूडपुढे लिहा की त्यात काय करणार, आठवड्यातून किती तास. असं लिहायला बसलं की यादी आपोआप आखडते. कारण:

- बरेच हूड प्रत्यक्षात केमिकलच्या बाटल्या ठेवायचं कपाट म्हणून वापरले जातात. बाटल्यांसाठी एक्झॉस्टला जोडलेलं कपाट घ्या, त्याला हवा फारच कमी लागते.
- बायोलॉजीवाले 'हूड' म्हणतात तेव्हा त्यांना बऱ्याचदा लॅमिनार किंवा बायोसेफ्टी कॅबिनेट हवं असतं. हे तिन्ही वेगळे आहेत. लॅमिनार तर हवा तुमच्या तोंडाकडे फेकतं, त्यात सॉल्व्हंट उघडलंत तर वास थेट नाकात. नेमकं काय हवंय ते लेखी घ्या.
- बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला सेमी-मायक्रो पद्धत लावली की किप्स ॲपरेटसचा तो सडक्या अंड्याचा वास पण जातो आणि हूडची गरज पण कमी होते. बोर्ड ऑफ स्टडीजमध्ये हा विषय काढा, बिल्डिंगशी त्याचा संबंध आहे हे तिथल्या कोणाच्या डोक्यातच येत नाही.

जे उरतील ते हूड व्हीएव्ही प्रकारचे मागा, म्हणजे काच खाली केली की हवा आपोआप कमी होते. साधे हूड कॉन्स्टंट व्हॉल्यूमचे असतात, काच बंद करा नाहीतर उघडी ठेवा, पंखा तेवढीच हवा ओढतो. व्हीएव्ही महाग आहेत आणि त्यांना सेन्सर आणि देखभाल लागते. तुमच्याकडे दोन-तीनच हूड असतील तर त्या भानगडीत पडू नका, प्रत्येकाला वेगळा पंखा आणि टायमरचा स्विच द्या, बास.

आणि हो, हूडसमोर सीलिंग फॅन नको! आपल्याकडे हे सर्रास दिसतं. वरून पंखा गरगरतोय आणि हूडमधल्या वाफा तोंडावर येतायत, मग लोक म्हणतात हूड ओढत नाही, मोठा पंखा बसवा. उदबत्ती पेटवून हूडच्या तोंडाशी धरा, आधी सीलिंग फॅन बंद ठेवून आणि मग चालू करून. धूर कुठे जातो ते डोळ्यांनी दिसतं आणि समितीतल्या कुठल्याही माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

४. तासाला हवा किती वेळा बदलायची हे विचारून घ्या

डिझायनरला विचारा, 'लॅबला एअर चेंज किती धरलेत?' उत्तर 'स्टँडर्डप्रमाणे' असं आलं तर आकडा मागा. बरेच जण सरसकट १२ लावतात, कधी १५. साध्या टीचिंग लॅबला माणसं असताना ६ च्या आसपास आणि रात्री ३-४ वर बऱ्याचदा भागतं, फक्त कुठली केमिकल किती वापरता यावरून सेफ्टीवाल्या माणसाने ते लेखी मान्य करायला हवं. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या अर्व्हाइन कॅम्पसवर याच्याही पुढे गेले, हवेची गुणवत्ता मोजणारे सेन्सर लावून माणसं असताना ४ आणि नसताना २ वर आणलं, आणि काही गडबड वाटली की सिस्टिम स्वतःहून हवा वाढवते. आपल्याकडे तेवढे सेन्सर सांभाळणारं कोणी असेल का हा प्रश्न आहेच, पण रात्रीचं वेगळं सेटिंग तरी नक्की मागता येतं.

याचा फायदा वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. पंख्याची पॉवर हवेच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे हवा निम्मी केली तर पुस्तकी हिशेबाने पॉवर आठवा हिस्सा. प्रत्यक्षात तेवढी उतरत नाही, पण व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावलेल्या पंख्यावर फरक बिलात दिसतो. व्हीएफडी नसेल आणि नुसता डॅम्पर बंद करून हवा कमी करणार असतील तर हा फायदा फारसा हाती लागत नाही, हे तपासा.

५. ऊन कुठून येतं ते साइटवर जाऊन बघा

बिल्डिंगची लांब बाजू पूर्व-पश्चिम धावली पाहिजे, म्हणजे मोठ्या भिंती उत्तर आणि दक्षिणेला येतात. दक्षिणेचं ऊन आवरायला सोपं. पुण्याच्या अक्षांशावर चार फूट उंचीच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा असला तर साधारण मार्चपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भर दुपारचं ऊन काचेवर येतच नाही, आणि थंडीत थोडं येतं ते हवंच असतं.

उत्तरेला ऊन नसतं असं सगळे गृहीत धरतात. पुण्या-मुंबईकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो (शून्य सावली दिवस आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो तो याच्या दोन टोकांना), आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन शिरतं. तिथे उभ्या पट्ट्या पुरतात.

खरी डोकेदुखी पश्चिमेची. चार वाजताचं ऊन इतकं खालून येतं की छज्जा कितीही काढा, उपयोग नाही. पश्चिमेला जिने, टॉयलेट, स्टोअर, लिफ्ट द्या आणि खिडक्या जवळजवळ नकोतच. आणि नेमका याच बाजूला मेन रोड असेल तर कोणीतरी म्हणणार की दर्शनी भाग काचेचा करू, उद्घाटनाचे फोटो छान येतील. तिथे भांडा. एनर्जी कोडच्या (इमारतींच्या वीजवापराचे नियम, पुढे नवव्या मुद्द्यात येतील) सरळ मार्गाने, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादा पाळून गेलात तर काचेचं प्रमाण भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंतच ठेवता येतं, हा मुद्दा भांडताना कामाला येतो.

आपल्या जुन्या दगडी कॉलेजांचा व्हरांडा आठवा. भिंतीवर ऊन पडूच द्यायचं नाही ही त्यामागची अक्कल, ती अजूनही फुकट मिळते. कॉरिडॉर आतून, दोन्हीकडे खोल्या, मध्ये दिवसाही ट्यूबलाइट, असं करण्यापेक्षा एका बाजूने उघडा कॉरिडॉर ठेवला तर त्याला दिवा लागत नाही आणि एसी तर नाहीच नाही.

छप्पर विसरू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन गच्चीवर पडतं. स्लॅबवर इन्सुलेशन, त्यावर कोबा आणि वर पांढऱ्या टाइलचे तुकडे किंवा कूल रूफ पेंट. इन्सुलेशन खालून, फॉल्स सीलिंगवर टाकू म्हणतात ते टाळा, स्लॅब तापतोच.

६. मजल्याची उंची

छोटा मुद्दा वाटतो, पण चुकला की कायमचा चुकला. वर्गाच्या बिल्डिंगची नेहमीची ३.६ मीटर उंची लॅबला घेतली की बीमखाली डक्टला जागाच उरत नाही. मग चपटे डक्ट, चारचार वळणं, आणि तेवढीच हवा ढकलायला पंख्याला दुप्पट जोर. ४.२ मीटर तरी मागा, ४.५ मिळाले तर उत्तम. एस्टिमेटमध्ये थोडा खर्च वाढतो, आणि 'बाकीच्या बिल्डिंगांना एवढी नाही' असं ऐकायला मिळतं. डक्टचं ड्रॉइंग आणि बीमचं ड्रॉइंग एकमेकांवर ठेवून दाखवायला सांगा, स्ट्रक्चरल आणि एसीवाला दोघंही एकाच खोलीत हजर असताना. ते सहसा एकमेकांना भेटलेले नसतात.

७. गारवा कसा करायचा, गावाप्रमाणे ठरवा

मुंबई-कोकणात दमटपणा, नागपूरला कोरडा भाजणारा उन्हाळा आणि मग पावसाळा, सोलापूरला कोरडं ऊन. मुंबईतली स्पेसिफिकेशन कॉपी करून चंद्रपूरला लावलेली फाइल मी स्वतः बघितलीय.

विदर्भ, मराठवाड्यात घराघरात कूलर असतो तेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरता येतं, इनडायरेक्ट-डायरेक्ट असं दोन टप्प्यांचं, आधी ओल न वाढवता हवा गार करायची आणि मग ओल्या पॅडमधून न्यायची. ज्या ओल्या लॅबला नाहीतरी बाहेरची हवाच लागते तिथे मार्च ते मे हे फार स्वस्तात पडतं. पावसाळ्यात ते चालत नाही, तेव्हा नुसती हवा खेळती ठेवायची किंवा गरज असेल तिथेच चिलर. पाण्याचा हिशेब मात्र आधी करा, टँकरवर चालणाऱ्या कॅम्पसला हे सुचवू नका.

कोरड्या खोल्यांत स्लॅबमधून किंवा पॅनेलमधून गार पाणी फिरवायची रेडियंट पद्धत आपल्याकडे चालते. इन्फोसिसने हैदराबादला एकाच बिल्डिंगचा अर्धा भाग नेहमीच्या एसीवर आणि अर्धा रेडियंटवर ठेवून तुलना केली होती, रेडियंट बाजूला वीज बरीच कमी लागली. पण दमट हवा आत शिरली तर थेंब टपकतात, त्यामुळे सारखं दार उघडणाऱ्या टीचिंग लॅबमध्ये नको.

साधे वर्ग आणि स्टाफरूम यांना बीएलडीसी पंखे. जुना पंखा ७५ वॅट, हा ३० च्या आसपास. एसीचं सेटिंग २४ ते २६.

एक्झॉस्टच्या थंड हवेतून गारवा परत मिळवायचा असेल तर फिरणारं व्हील ओल्या लॅबला मान्य करू नका, त्यातून थोडी हवा इकडची तिकडे गळते. पाण्याच्या पाइपने जोडलेले दोन वेगळे कॉइल मागा, फायदा थोडा कमी पण वाफा आत यायची भीती नाही.

८. गच्चीवर सोलर आणि चिमणी यांचं भांडण

सगळ्यांना गच्चीवर सोलर हवंच असतं आणि ते बरोबरही आहे. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट, आणि दिवसाला सरासरी ४ युनिट. १,००० चौरस मीटर गच्चीतली निम्मी वापरता आली तर ५० किलोवॅट, वर्षाला ७० हजारांच्या आसपास युनिट. ऐकायला भरपूर वाटतं. पण वरच्या पायऱ्या न करता नुसतं सोलर लावलंत तर हूडच ते सगळं गिळून टाकतात.

त्याच गच्चीवर एक्झॉस्टच्या चिमण्या पण असतात. त्या छपरापासून निदान १० फूट उंच हव्यात आणि हवा जोरात सरळ वर गेली पाहिजे. चिमणीवर पाऊस जाऊ नये म्हणून उलटी टोपी बसवतात, ती बसवू देऊ नका, ती वाफा परत खाली ढकलते. पावसाच्या पाण्यासाठी तळाशी ड्रेन ठेवायचा. चिमण्या एकत्र एका कोपऱ्यात आणा, म्हणजे सावली पॅनेलवर पडत नाही आणि ॲसिडच्या वाफांनी फ्रेम गंजत नाहीत. ताजी हवा घेणारी जाळी पावसाळी वाऱ्याच्या दिशेला, पश्चिम-नैऋत्येला, चिमण्या पूर्वेला. हिवाळ्यात वारा उलटा फिरतो म्हणून दोन्हींत जेवढं अंतर ठेवता येईल तेवढं ठेवा.

९. कोड आणि रेटिंग

ईसीबीसी २०१७ हा केंद्राचा इमारतींसाठीचा एनर्जी कोड १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त कनेक्टेड लोड किंवा १२० केव्हीए किंवा त्याहून जास्त कॉन्ट्रॅक्ट डिमांड असलेल्या व्यावसायिक आणि संस्थात्मक इमारतींसाठी आहे, सायन्स बिल्डिंग त्यात हमखास बसते. २०२४ मध्ये त्याची पुढची आवृत्ती ईसीएसबीसी आली, तुमच्या जागेला सध्या कुठली लागू ते आर्किटेक्टकडून लेखी घ्या. गृहा किंवा आयजीबीसीचं ग्रीन बिल्डिंग रेटिंग घेणार असाल तर नोंदणी डिझाइनच्या सुरुवातीला करा, बिल्डिंग झाल्यावर पॉइंट गोळा करायला गेलात तर सायकल स्टँड आणि कुंड्यांवरच भर येतो. नमुना बघायचा असेल तर आयआयटी कानपूरची पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी केंद्राची इमारत आहे, गृहाचे पाच स्टार मिळवणारी पहिली, तीसुद्धा लॅब असलेली. समितीला तिथे किंवा जवळपासच्या कुठल्यातरी चालू लॅब बिल्डिंगमध्ये घेऊन जा, आणि तिथल्या प्रोफेसरला भेटण्याआधी मेंटेनन्सवाल्याला गाठा.

१०. टेंडर: सगळं इथेच निसटतं

आत्तापर्यंत केलेलं सगळं काम टेंडरच्या कागदात आलं नाही तर पाण्यात. ठरलेले सापळे सांगते.

दरसूचीत नसलेली आयटेम. व्हीएफडी, सेन्सर, इन्सुलेशन यांचे हवे तसे दर पीडब्ल्यूडीच्या दरसूचीत नसतील तर रेट ॲनालिसिस आणि कोटेशन जोडावी लागतात, तो वैताग नको म्हणून आयटेमच गाळतात. कोटेशन तुम्ही आधीच आणून द्या.

'किंवा समतुल्य'. हे शब्द नियमाने असणारच, पण समतुल्य कशात ते लिहा. पंख्याची एफिशियन्सी, काचेचा एसएचजीसी (उन्हाची किती उष्णता आत सोडते तो आकडा), चिलरचा पार्ट लोडचा आकडा. नुसतं ब्रँडचं नाव आणि समतुल्य असं लिहिलं की एल-वन (सगळ्यात कमी दर भरणारा) जे स्वस्त असेल ते आणणार, त्याला दोष तरी काय द्यायचा.

हूडची खरेदी वेगळी. हा सगळ्यात वाईट. बिल्डिंग एका टेंडरमध्ये, हूड मात्र 'इक्विपमेंट' म्हणून नंतर जेमवरून (सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल). डक्ट बांधून तयार आणि हूडचा कॉलर वेगळ्याच मापाचा, हवेचा हिशेब वेगळाच, आणि बिघडलं की दोन कंत्राटदार एकमेकांकडे बोट दाखवणार. हूड, डक्ट, पंखा, कंट्रोल एकाच पॅकेजमध्ये घाला आणि चालवून दाखवायची जबाबदारी एकाचीच ठेवा.

काटछाट. बजेट वाढलं की पहिली कात्री सबमीटर, सेन्सर आणि इन्सुलेशनवर, कारण ते दिसत नाहीत. लॉबीतल्या ग्रॅनाइटला कोणी हात लावत नाही. काय काढायचं याची उलटी यादी तुम्हीच आधी देऊन ठेवा.

११. ताबा घेण्याआधी

फीत कापायची तारीख ठरली की सगळे घाईवर येतात, म्हणून ही यादी कंत्राटातच घालून घ्या. प्रत्येक हूडची जागेवर कंटेनमेंट टेस्ट (वाफा बाहेर येत नाहीत ना याची चाचणी), फॅक्टरीतलं सर्टिफिकेट चालणार नाही. प्रत्येक खोलीची हवा मोजून बॅलन्सिंगचा रिपोर्ट. रात्रीचं सेटिंग खरंच लागतं का ते रात्री जाऊन बघणं. सगळे हूड एकदम चालू करून लॅबचं दार उघडून बघा, दार ओढायला जड जात असेल किंवा फटीतून शिट्टी वाजत असेल तर बदली हवा कमी पडतेय. आणि परत उदबत्ती.

रिटेन्शनची (कंत्राटदाराच्या बिलातून राखून ठेवलेली) थोडी रक्कम एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा होईपर्यंत अडवून ठेवायची अट घाला. जानेवारीत ताबा घेतलेली बिल्डिंग जानेवारीत छानच चालते.

१२. पहिलं वर्ष

सबमीटर निदान चार ठिकाणी वेगळे हवेत: एसी, एक्झॉस्टचे पंखे, प्लग पॉइंट, लाइट. महिन्याचे आकडे एका साध्या एक्सेलमध्ये टाका, एकूण युनिटला क्षेत्रफळाने भागलं की चौरस मीटरमागे वर्षाची युनिट मिळतात, हा तुमचा ईपीआय (एनर्जी परफॉर्मन्स इंडेक्स). पहिले तीन महिने आकडा डिझाइनपेक्षा जास्तच येतो, बहुतेक वेळा कोणीतरी बीएमएस (एसी-पंखे आपोआप चालवणारी कंट्रोल सिस्टिम) 'मॅन्युअल'वर टाकून ठेवलेलं असतं. ते कोणी आणि का टाकलं ते विचारा, ओरडू नका, सहसा कुठल्यातरी लॅबमध्ये उकडत होतं म्हणूनच टाकलेलं असतं आणि ती खरी तक्रार असते.

हूडवर दीड फुटाच्या उंचीला हिरवी पट्टी चिकटवा आणि काच कायम त्याच्या खाली. हार्वर्डला यासाठी 'शट द सॅश' म्हणून लॅबालॅबांत स्पर्धा लावतात. आपल्याकडे स्पर्धेपेक्षा लॅब असिस्टंट मामांना विश्वासात घ्या, संध्याकाळी कुलूप लावणारा माणूस तोच असतो. त्यांच्या चेकलिस्टमध्ये 'गॅस बंद, पाणी बंद'च्या खाली 'काच खाली' ही ओळ वाढवा. प्री-फिल्टर महिन्याला धुवायचे, पट्ट्याचे पंखे असतील तर पट्टे ताणून घ्यायचे, आणि एसी-एक्झॉस्टचा एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) डिफेक्ट लायबिलिटी (कंत्राटदाराने दोष फुकट दुरुस्त करायची मुदत) संपायच्या तीन महिने आधी टेबलवर ठेवायचा, कारण फाइल सही होऊन यायला तेवढे लागतातच.